चिमणीच्या दाताची गोळी

किराणा दुकानाच्या फळीवर तिरप्या तोंडाच्या काचेच्या बरण्या असायच्या. पत्र्याची झाकणं, आणि आत नुसते रंग. संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या केशरी गोळ्या, वरून साखर भुरभुरलेल्या. लिंबाच्या पिवळ्या. पांढऱ्यावर तांबड्या रेघा ओढलेलं पेपरमिंट. एका बरणीत बडीशेपेच्या बारीक रंगीत गोळ्या, एकीत श्रीखंडाच्या. यातल्या आंबटगोड, चकचकीत, कडक गोळ्यांना आम्ही सरसकट लिमलेट म्हणत असू. दुकानदार तागडीला हात लावत नसे. बरणीत हात घालायचा आणि नगावर मोजून द्यायचा.

नगावर मोजण्यातच या गोळीचं सगळं आयुष्य आहे असं मला वाटतं. पेढे माणूस पावशेर आणतो, जिलबी आवडते म्हणून एकटा उभ्याने खातो. लिमलेटच्या गोळ्या मात्र घेतानाच डोळ्यांसमोर डोकी असतात. घरात पोरं किती, वर्गात मुलं किती, शेजारणीची नातवंडं आलीत का. ही विकत घ्यायची ती दुसऱ्याच्या तळहातावर ठेवण्यासाठी. पंधरा ऑगस्टला प्रभातफेरी आणि झेंडावंदन झालं, की गुरुजी रांगेच्या टोकाला पिशवी घेऊन उभे राहत. वाढदिवसाला नवा फ्रॉक घालून वर्गभर गोळ्या वाटायच्या, बाईंना दोन. गावातले एखादे आजोबा दुपारी पारावर बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पोराला हाक मारून खिशात हात घालत. पोर कुणाचंही असो. देणाऱ्याला परवडणारं आणि घेणाऱ्याच्या आईला ओझं न वाटणारं असं गोड यापेक्षा लहान दुसरं काही नव्हतं.

ते इतकं सहज वाटता येतं याचं कारण त्याच्या घडणीत आहे. आपल्या स्वयंपाकघरातला पाक एकतारी होतो, दोनतारी होतो, मग गोळीबंद होतो. बहुतेक पदार्थांसाठी आपण तिथे थांबतो. कडक गोळीवाला थांबत नाही. तो पाक दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास नेतो. तोपर्यंत त्यातलं पाणी जवळजवळ सगळं उडून गेलेलं असतं, शंभर भागांत जेमतेम दोन-तीन भाग उरतात. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून ताटलीवर आपटला की टणकन वाजतो. चिक्की करणाऱ्या घरांत ही परीक्षा आजही चालते. मग तो रस तेल लावलेल्या गार पाटावर ओततात. जरा निवला की रंग, वास आणि आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल मळून घालतात. उकळत्या पाकात आम्ल घातलं तर ते साखरच फोडतं आणि गोळी चिकट होते. गरम आहे तोवर त्या गोळ्याची दोरी ओढायची, साच्यात दाबायची, तुकडे पाडायचे.

यात एक नवल आहे. नेहमीच्या साखरेत कण रांगेत, शिस्तीत बसलेले असतात. या पाकाला ती शिस्त लागू द्यायची नसते, म्हणून त्यात द्रवरूप ग्लुकोज मिसळतात आणि त्याला भराभर निववतात. कणांना जागेवर बसायला सवडच मिळत नाही. ते जिथे असतील तिथे थिजतात. असं थिजलेलं घन म्हणजे शास्त्राच्या भाषेत काच. लिमलेटची गोळी उजेडासमोर धरली तर पलीकडचं दिसतं, ते ती खरोखरच साखरेची काच आहे म्हणून. खडीसाखरेची वाट नेमकी उलटी. तिथे दाट पाकात दोरा सोडून ठेवायचा आणि भांड्याला धक्का न लावता दिवस जाऊ द्यायचे. खडा सावकाश, कोपरे सांभाळत वाढतो. साखर एकच, पण एकीला घाई केली आणि दुसरीला वेळ दिला.

पाणी गेलं, म्हणून गोळी नासत नाही. नासत नाही, म्हणून खिशात, पिशवीत, फडताळात पडून राहू शकते आणि मूल दिसेपर्यंत वाट पाहू शकते. देण्याची रीत त्या उडून गेलेल्या पाण्यावर उभी आहे. पावसाळ्यात मात्र हीच काच हवेतलं पाणी परत ओढून घेते. श्रावण येईपर्यंत बरणीतल्या गोळ्यांचा एकच लगदा व्हायचा, आणि दुकानदार तो चमच्याच्या दांड्याने सोडवत बसायचा.

कारखान्यातल्या गोळीच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे कडक साखर वाटली जाते. पंढरपूरहून आलेल्या माणसाच्या पिशवीत चुरमुऱ्यांबरोबर बत्तासे आणि साखरफुटाणे असतात. ते आळीत वाटल्याशिवाय वारी पुरी झाल्यासारखी वाटत नाही. पाडव्याला गुढीवर साखरेची गाठी चढते. लाकडी साच्यात दोरा घालून त्यावर पाक ओतला की ती माळेसारखी निघते, आणि गुढी उतरली की तिचे तुकडे पोरांच्या हातात पडतात.

पण या घराण्यातली माझ्या मनातली थोरली म्हणजे संक्रांतीचा काटेरी हलवा. त्याला थंडी लागते. पौषातली पहाट, शेगडीत राखेखाली झाकलेला विस्तव, वर परात, परातीत मूठभर तीळ. कुणी खसखस घेतं, कुणी साबुदाणा, कुणी चारोळी. साखरेचा पाक दूध घालून उकळलेला असतो, म्हणजे मळी वर येते आणि काढून टाकता येते. हलव्याचा पांढरेपणा तिथून सुरू होतो. चमचाभर पाक तिळावर सोडायचा आणि बोटांनी हलक्या हाताने परतत राहायचं. सुकला की पुन्हा चमचाभर. पहिल्या दिवशी दाखवण्यासारखं काही होत नाही, तीळ फक्त जरा मळकट दिसतात. मग ते पांढरे होतात, मग वाढतात, आणि एका सकाळी बोटांना काटा लागतो. परात जास्त तापली तर आलेला काटा मोडतो. आभाळ आलं, हवा दमटली, तर काटा धरतच नाही. बोटांची टोकं भाजतात. ज्या बायका दरवर्षी हलवा करतात त्यांच्या हाताला विस्तवाची धग डोळ्यांआधी कळते.

आणि इतकं करून तो असतो कुणासाठी? करणारी स्वतः चार दाणे तोंडात टाकते, चव पाहण्यापुरते. बाकीचा हळदीकुंकवाला आलेल्यांच्या हातावर तिळगुळासोबत जातो. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला त्याचे दागिने होतात. काळ्या साडीवर हलव्याचा हार, बाजूबंद, नथ. बाळाला मुकुट आणि बासरी. आठवडाभर बोटं भाजून केलेला दागिना एका संध्याकाळपुरता अंगावर चढतो, आणि पुढे दोन-चार दिवस घरातली मुलं त्यातला एकेक मणी तोडून खात राहतात. बोरन्हाणात तर जुनं-नवं एकत्र येतं. बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा ओततात आणि त्यांतच चकचकीत कागदातल्या गोळ्याही असतात. भोवतीची मोठी पोरं त्यांवर तुटून पडतात. बाळाच्या मुठीत गेलेली कडक गोळी मात्र आईने लगेच काढून घ्यावी. घशात अडकायला तेवढी पुरते. म्हाताऱ्या बायका बाळापुढे फक्त चुरमुरे ठेवत, ते उगाच नाही.

रावळगावचं नाव घेतल्याशिवाय मराठी माणसाची गोळी पुरी होत नाही. मालेगाव तालुक्यातल्या या गावी वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये साखर कारखाना काढला, आणि १९४२ पासून तिथे गोळ्या बनू लागल्या. ज्या शिवारात ऊस, त्याच शिवारात साखर आणि तिथेच गोळी. गावाचं नाव कागदावर छापलं गेलं आणि ते गाव नकाशावर न दाखवता येणारी पोरंही ते नाव रोज उच्चारू लागली. त्याच्या आधी, १९२९ मध्ये, मुंबईच्या पार्ल्यात पार्लेचा कारखाना सुरू झाला, तोही गोळ्या-चॉकलेटांपासून. बिस्किटं नंतर आली. पुढे रावळगावच्या पान पसंदने मोठ्या माणसांनाही जेवणानंतर गोळी चघळण्याचं निमित्त दिलं. २०२४ च्या फेब्रुवारीत रावळगावची नाममुद्रा आणि पाककृती २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या कंपनीकडे गेल्या. बातमी वाचली तेव्हा मला रक्कम फार लहान वाटली. व्यवहाराच्या हिशेबात ती बरोबर असेल. पण इतक्या शाळांमधल्या इतक्या वाढदिवसांचा हिशेब कुठल्या रकान्यात बसणार?

सगळ्यात जास्त मला जपावीशी वाटते ती चिमणीच्या दाताची रीत. गोळी एक आणि पोरं दोन असली की गोळी शर्टाच्या किंवा फ्रॉकच्या टोकात गुंडाळायची आणि कापडावरून दाताने फोडायची. तोंड लागलं नाही म्हणजे उष्टं झालं नाही, चिमणीच्या दाताने तोडलं. हे शास्त्र कुणी शिकवत नसे आणि ते सगळ्यांना येत असे. खडीसाखरेचा खडा आपल्या कडेने नीट फुटतो. काचेला अशी ठरलेली फूट नसते, ती वाटेल तशी तडकते. म्हणून गोळीचे दोन भाग कधीच सारखे झाले नाहीत. एक मोठा, एक लहान, आणि कापडाला चिकटलेला चुरा. फोडणाऱ्याने लहान घ्यायचा, हा कायदा होता. तो मोडणाऱ्याशी दुपारभर कट्टी असे. सारखं वाटणं आम्हाला गणिताच्या तासाला शिकवलं. कमी आपल्याकडे ठेवून वाटणं त्या शर्टाच्या टोकात आधीच शिकून झालं होतं.

आता सुट्ट्या पैशांऐवजी गोळी हातावर ठेवणारे दुकानदारही कमी झाले. मोबाइलवरून पैसे रुपयापर्यंत चोख जातात. गोळी मात्र गेलेली नाही. २०१५ मध्ये आलेली पल्स एक रुपयात मिळे. कैरीच्या चवीची, आत तिखटमीठ भरलेली. कॉलेजची मुलं तिच्यासाठी पानपट्ट्या पालथ्या घालत. आपल्या जिभेला कडक साखर अजून हवी आहे. अडतं ते दुसऱ्याच्या मुलाला ती देण्यापाशी. अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही हे आपण मुलांना शिकवतो, आणि शिकवायलाच हवं. दातांचीही काळजी खरी आहे. पारावरच्या आजोबांचा हात त्यामुळे खिशाशीच थबकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून मी माझ्यापुरती एक वाट काढली आहे. पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात कागदात बांधलेल्या पाच-सहा लिमलेट असतातच. एसटीत शेजारी शाळेच्या वयाचं मूल बसलं आणि घाटाची वळणं सुरू झाली, की मी आधी त्याच्या आईकडे बघते आणि विचारते, "देऊ का एक? मळमळणार नाही." काही जणी नको म्हणतात, ते मी मानते. बऱ्याच जणी मुलाला म्हणतात, "घे, मावशी देतायत." मग माझ्याकडे वळून, जरा संकोचत, "आणखी आहे का हो? मलापण वळणं सोसत नाहीत."