दाब… धर… सोड!

कंधारचा किल्ला बघून निघालो तेव्हा उन्हं कलली होती. पाण्याने भरलेला खंदक, काळ्या दगडाची तटबंदी आणि पर्यटक म्हणाल तर आम्ही दोघंच! खरं तर सरळ नांदेडचा रस्ता पकडायचा. पण बुडाखाली जीप असली की सरळ रस्ता कुणाला आवडतो? मित्राने गाडी घातली पांदणीत. आदल्या रात्री पाऊस झालेला. मराठवाड्यातल्या काळ्या मातीशी तुमची ओळख नसेल तर सांगते, हा चिखल नसतो, डिंक असतो. त्यातून एक ओढा लागला. चाकं अर्धी बुडाली, आम्ही किंचाळलो, फोटो काढले. फुल्ल धमाल!

धमाल संपली डांबरी रस्त्यावर. समोर म्हैस आली, मित्राने ब्रेक दाबला आणि जीप म्हशीला सोडून डावीकडच्या बाभळीकडे निघाली. वीतभर अंतर ठेवून थांबली. म्हशीने ढुंकूनही पाहिलं नाही.

“ड्रम ओले झालेत, सुकतील,” मित्र म्हणाला. त्याचंही अगदीच चुकलं नव्हतं. ड्रम ब्रेकमध्ये गोल डब्याच्या आत दोन लायनर असतात, ते बाहेर फाकून ड्रमला घासतात. आत पाणी शिरलं की घर्षण संपतं. मग थोडा वेळ पेडल हलकेच दाबून गाडी चालवायची. उष्णतेने पाणी उडून जातं. आम्ही तेच केलं. पण जीप डावीकडे ओढायची थांबेना आणि पेडल मात्र दर वेळी आणखी खाली जायला लागलं. तिथेच थांबून गाडी टो करायला हवी होती. आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये रांगत नांदेड गाठलं, हा शुद्ध मूर्खपणा. तुम्ही करू नका.

आता या जीपबद्दल. चारही चाकांना ड्रम असलेली जुनी, सेकंडहॅण्ड महिंद्रा. पुण्यात घेतल्या घेतल्या मित्राने आधी मोठे टायर टाकले, मग पुढे लाइट्सची रांग लावली. टायरची किंमत कळली तर त्याच्या आईला झीट येईल. ब्रेकचे ड्रम शेवटचे कधी उघडले होते? आठवत नाही! आपल्या वीकएन्ड ऑफ-रोडिंगवाल्या मंडळींचं हे असंच असतं बॉस. जे फोटोत दिसतं त्यावर खर्च.

सकाळी नांदेडच्या बाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये उस्ताद भेटले. १९४७ साली महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या घराण्याच्या गाड्या पुढे इकडे काळी-पिवळी होऊन माणसं वाहू लागल्या. उस्तादांची जवानी त्यांच्याच खाली गेली. त्यांनी आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघितली. अर्ध्याच्याही खाली. मग पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवून मला दाखवलं.

“पाणी असतं तर रातच्याला वाळलं असतं की, ताई. हे बुळबुळीत हाय.”

व्हील सिलिंडरचं रबर गेलं होतं. ऑइल गळून उजव्या चाकाचे लायनर भिजले, तो ब्रेक ढिला पडला आणि डावा एकटाच पकडत राहिला. म्हणून गाडी डावीकडे. कळल्यावर किती सोपं वाटतं!

“मला शिकायचंय,” मित्र म्हणाला. उस्तादांनी त्याला वरून खालपर्यंत बघितलं आणि चाकामागे दगड लावायला सांगितलं. जॅकवर उचललेली गाडी लगेच लोखंडी स्टॅण्डवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. ड्रम निघाला, आतून काळ्या मातीची वडी पडली. मित्र फुंकर मारणार, तोच उस्तादांनी त्याचा खांदा ओढला. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ छातीत जाते. ओल्या फडक्यानेच पुसायची. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत लावू का, हा पुढचा प्रश्न. उत्तर म्हणून ते थेट भंगाराच्या ढिगात गेले. नवे लायनर दोन्ही पुढच्या चाकांना, कारण एकाच बाजूला टाकले की पुन्हा ओढाताण. नवा सिलिंडर बसला. चाक हाताने फिरवत ते घासेपर्यंत अ‍ॅडजस्टर आवळायचा, मग मोकळं फिरेल इतका मागे घ्यायचा.

आणि मग माझा नंबर! पाइपातली हवा काढायला दोन माणसं लागतात. पेडलवर मी, चाकाशी मित्र. सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. “दाब… धर!” की तो निपल सैल करणार, पारदर्शक नळीतून काळं ऑइल आणि बुडबुडे बाटलीत येणार. निपल आवळला की “सोड!” त्याआधी माझा पाय उचलला गेला तर हवा परत आत. एकदा मी उचललाच. उस्ताद म्हणाले, “बोलायचं नंतर, ताई.” मधे मधे वरच्या डबीत ऑइल भरत राहायचं, ती रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून. ऑइल सीलबंद डब्यातलंच हवं. ते हवेतलं पाणी शोषतं: डॉट-३ नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ही हद्द १४० वर येऊ शकते. लांब उतारावर ब्रेक तापले की फरक कळतो. आणि चुकून इंजिन ऑइल ओतलंत तर सगळी रबरं फुगून बाद.

दुपारी पेडल दगडासारखं लागायला लागलं. उस्तादांनी स्वतः चक्कर मारून बघितल्यावरच आम्हाला सोडलं. मित्राला नंबरही दिला, “एकट्याने उघडायच्या आधी फोन कर.”

लोहा मागे पडलं. मग खंडोबाचं माळेगाव. मार्गशीर्षातल्या जत्रेला जिथे घोडे आणि उंट भरतात ते मैदान सुनसान होतं. अहमदपूर, चाकूर, आणि संध्याकाळी थेट लातूरच्या गंजगोलाईत. १६ रस्ते एका गोलाला येऊन मिळतात; ऑटो, हातगाड्या, क्लास सुटलेली ‘लातूर पॅटर्न’ची पोरं, सगळे एकदम. दर दहा फुटांवर ब्रेक. गाडी सरळ थांबत होती.

हॉटेलवर पोचून मी चहा मागवला. मित्र मोबाइलचा टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये गेला, डबीतली ऑइलची पातळी बघायला.