एकोणीस मिलिमीटरचा माणूस

शकुंतलेचा मूर्तिजापूर ते अचलपूर हा फाटा ७६ किलोमीटरचा. १:८७ या मापात तो पुरा बांधायचा तर पावणेनऊशे मीटर जागा लागेल. माझ्याकडे आहे वरच्या खोलीतली सहा फूट बाय अडीच फुटांची प्लायची फळी. तेव्हा एक छोटं स्टेशन, एक कडुनिंब, एक फाटक, थोडी पऱ्हाटी, संत्र्याची बाग आणि मागे गाविलगडचे डोंगर, एवढ्यावर भागवलं आहे.

राहतो वरूडला आणि स्टेशन बांधतो अचलपूरच्या वाटेवरचं, हे लोकांना खटकतं. पण वरूडला रेल्वे आली तीच मुळी एकविसाव्या शतकात, नरखेड-अमरावती मार्ग झाला तेव्हा. स्टेशनचं नाव ‘वरूड ऑरेंज सिटी’. गाडी आली याचा आनंद आहेच, पण तिच्याशी माझं लहानपण जोडलेलं नाही. ते आजोळच्या गाडीशी जोडलेलं आहे. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ती गाडी ओढत होतं. मग डिझेल आलं, आणि आता तीही धावत नाही. या मार्गाचं ब्रॉडगेज व्हावं ही मागणी जुनी आणि रास्त आहे. मीही त्या बाजूचाच आहे. मात्र ते झालं तर या बुटक्या स्टेशनांना कुणी जपून ठेवील असं मला वाटत नाही.

हा छंद लागला पुण्यात शिकत असताना. कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. तिथे १:८७ मापाच्या गाड्या बोगद्यांतून, पुलांवरून पळताना पाहिल्या आणि तासभर जागचा हललो नाही. तिथली घरं, डोंगर, गाड्या बहुतेक युरोपी वळणाच्या. त्यात नवल नाही, कारण फालरसारख्या जर्मन कंपन्या घरांचे तयार संच विकतात: चर्च, गिरणी, बर्फाळ छपरं. वऱ्हाडातल्या स्टेशनाचा संच जगात कुणी विकत नाही. जे हवं ते स्वतः मोजून करावं लागतं.

एका बाबतीत मात्र नशीब चांगलं. शकुंतलेच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ने भागलं की पावणेनऊच्या आसपास येतं, आणि नऊ मिलिमीटरचा तयार रूळ बाजारात मिळतो. आपल्या ब्रॉडगेजवाल्यांचं असं जमत नाही. त्यांना एकोणीस मिलिमीटर हवेत आणि मिळतात साडेसोळा. गरिबाची गाडी इथे तरी वरचढ ठरली.

इमारत मोजायला मी टेप आणि मोबाइल घेऊन गेलो. जिथे हात पोचत नाही तिथे विटांचे थर मोजायचे. एका थराची उंची कळली की भिंतीची कळते. घरी येऊन सनबोर्ड कापला, त्यावर जाड कागद चिकटवला, आणि बोथट सुईने विटांच्या रेषा ओढल्या. नऊ इंची वीट या मापात अडीच मिलिमीटरच्या थोडी वर जाते. एका भिंतीला चार संध्याकाळी लागल्या.

माती विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. काळी माती वाळवून मलमलीतून चाळली, पण त्याआधी तिच्यातून लोहचुंबक फिरवला. आपली माती बेसॉल्टची. तिच्यातले लोहाचे बारीक कण चुंबकाला चिकटून येतात. ते रुळावर राहिले तर इंजिनाच्या मोटरीत शिरतात. शिवाय फेविकॉलचं पाणी पडलं की माती आणखी काळी होते, आणि एवढ्या लहान मापात खरा रंग डोळ्यांना गडदच दिसतो. म्हणून तिच्यात चुलीची राख मिसळली. डोंगरही तसेच: जितके लांबचे तितके फिके निळे.

संत्र्याची बाग बघायला आमचा एक बागाईतदार मित्र आला. सहा मीटरांवर एक झाड, म्हणजे फळीवर सात-सात सेंटिमीटरवर. अंतर त्याने पट्टीने तपासलं. झाडांचे सांगाडे पऱ्हाटीच्या बारीक फांद्यांचे, पाला रंगवलेल्या स्पंजच्या चुऱ्याचा, आणि संत्री म्हणजे नारिंगी रंगात घोळवलेली खसखस. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “बहार कोणता हाय हा? मृग का आंबिया?” मी म्हटलं, तूच सांग. “वावरात कापूस फुटला दाखवला तुनं. मंग संत्रा आंबियाचाच पायजे. मृगाचा तवा हिरवाच राह्यते.” बहार आंबियाचा ठरला, आणि त्याबरोबर पूर्ण फळीचा महिनाही: नोव्हेंबर. गवत पिवळं झालं, कडुनिंब दाट राहिला, सावल्या लांबल्या.

मग माणसांचा विषय निघाला. साडेपाच फुटांचा माणूस या मापात एकोणीस मिलिमीटरचा होतो. अशा बाहुल्या तयार मिळतात. टोपीवाले, सूटवाले असतात, त्यांना लुगडं-धोतर रंगवता येतं. अम्मीने ऐकलं आणि नाही म्हणाली. ज्या घरात नमाज पढतो तिथे पुतळे नकोत. मी म्हणालो, मुलांच्या बाहुल्यांना उलेमांनी मुभा दिलेली आहे. “मुलांच्या. तू चाळिशीचा आहेस.” यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते वापरलं नाही. घर तिचं आहे. आणि धावती गाडी नसलेल्या स्टेशनावर गर्दी कशाची उभी करायची, हा प्रश्न माझ्याही मनात होताच.

पण माणूस नसला की डोळ्याला माप सापडत नाही. दार केवढं, झाड केवढं, कळत नाही. मग माणसांच्या वस्तू केल्या. तांब्याच्या तारेची सायकल, तिचं चाक नखाहून लहान. जू जमिनीला टेकलेली बंडी, बैल कुठेतरी पाणी प्यायला गेलेले. चहावाल्याची शेगडी, वर किटली. बाकावर छत्री. फाटकाला फाटकवाला नाही. शेवटच्या काळात गाडीतलीच माणसं उतरून फाटक लावायची, त्यामुळे ते खोटंही नाही. आता फलाट रिकामा वाटत नाही. सगळे आत्ताच उठून कुठे तरी गेले आहेत असं वाटतं.

कुंपणाच्या काड्या अचलपूरच्या मामूंनी दिल्या. ते मोहर्रमला ताजिया करतात. ताजिया असावा की नसावा हा वाद इथे नको. मी फक्त हाताबद्दल बोलतो. बांबूची कामटी केसाएवढी तासावी तर त्यांनीच. मैद्याच्या खळीत मोरचूद घातलं की कीड लागत नाही, हेही त्यांनीच शिकवलं. ताजिया हीसुद्धा इमाम हुसैन यांच्या रौजाची प्रतिकृतीच. महिना-दीड महिना खपून केलेला तो आशुऱ्याच्या दिवशी ठंडा होतो आणि पुढच्या वर्षी कामट्या पुन्हा नव्या. मामूंनी माझी फळी चारी बाजूंनी पाहिली, छपराचा उतार बोटाने तपासला आणि विचारलं, “हे कधी ठंडं करायचं, बेटा?”

मी म्हणालो, “हे ठेवायचं आहे, मामू.”

“ठेवायचं?” ते म्हणाले. “मग धुळीचा बंदोबस्त कर.” आणि काचेच्या पेटीचं माप घेऊ लागले.

त्याच दिवशी अम्मी पहिल्यांदा वर आली. गुडघ्यांमुळे ती जिना टाळते. चष्मा लावून तिने सायकल पाहिली, किटली पाहिली. फलाटाच्या कडेला मी एक लोखंडी ट्रंक आणि एक सुरई ठेवली होती. नानी त्यांच्याशिवाय प्रवासाला निघत नसे. अम्मीने मामूंचा चिमटा मागून घेतला. आधी ट्रंक उचलून कडुनिंबाखाली ठेवली, मग सुरई.

“साडेतीनच्या गाडीला इथे सावली यायची,” ती म्हणाली.