ठिबक कुणाची?

अमेरिकेत बॅकफ्लो, म्हणजे पाण्याचा उलटा प्रवाह, अडवणारे व्हॉल्व्ह तपासणाऱ्याला येणारा फोन बहुधा एकाच वाक्याचा असतो: रिलीफ गळतोय, बदलून टाका. पाणी तिथून पडताना दिसतं, म्हणून दोषही तिथेच असणार, असं गिऱ्हाईक धरून चालतं. त्यात त्याची चूक नाही. पण धंद्यातले निम्मेअधिक लोकही हेच धरून चालतात, आणि वादाचा मुद्दा तो आहे. दोष बहुधा दुसरीकडे असतो, हे माझं मत अलीकडे पक्कं होत गेलं त्याला एक साधं कारण आहे. मनगटात पूर्वीचा जोर राहिला नाही. मोठ्या व्हॉल्व्हचं झाकण काढून आतली स्प्रिंग दाबून धरणं आता जड जातं, त्यामुळे पाना हातात घेण्याआधी गेजसमोर जास्त वेळ उभं राहावं लागतं. आणि तिथे उभं राहून जे वाचता येतं, ते व्हॉल्व्ह उघडल्यावर वाचता येत नाही.

आरपीझेड या उलटा प्रवाह अडवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये पाणी एकाच दिशेनं सोडणारे दोन चेक आणि त्यांच्या मधल्या कप्प्यावर पाणी बाहेर टाकणारा रिलीफ, एवढं सगळ्यांना पाठ असतं. रिलीफ उघडतो कशानं, हे मात्र बरेच जण विसरतात. त्याच्या डायफ्रॅमच्या एका अंगाला शहराच्या लाइनचा दाब असतो, तो रिलीफला मिटवून धरतो. दुसऱ्या अंगाला मधल्या कप्प्यातला दाब आणि स्प्रिंग, हे दोघं मिळून तो उघडायला बघतात. लाइनमध्ये 60 पीएसआय असेल आणि पहिला चेक 7 पीएसआय धरत असेल, तर मधल्या कप्प्यात 53 राहतात आणि रिलीफ गप्प बसतो. पहिल्या चेकखाली काही अडकलं की पाणी हळूहळू आत झिरपतं, 53 चे 55 होतात, 57 होतात. फरक 2 पीएसआयवर येण्याआधीच रिलीफनं उघडलं पाहिजे, असा नियम आहे. तो उघडतो, थोडं पाणी टाकतो, पुन्हा मिटतो. म्हणजे गळणारा रिलीफ बहुतेक वेळा आपलं काम चोख करत असतो. चोरी पहिल्या चेकनं केलेली असते आणि पकडला जातो तो ओरडणारा. यावर कुणी म्हणेल, रिलीफच्या स्वतःच्या सीटवर कचरा बसला किंवा डायफ्रॅम फाटला तरी गळणारच की. गळणारच. पण हा निवाडा झाकण न उघडताही करता येतो. पुढचा एखादा नळ सोडून पाणी वाहतं करा. वाहत्या पाण्यात पहिल्या चेकवरचा फरक वाढतो, मधला दाब उतरतो; ठिबक थांबली तर पहिल्या चेककडे बघा, नाही थांबली तर रिलीफकडे. नळ बंद ठेवून पुढचा शटऑफ बंद केल्यावर ठिबक थांबली तर दुसरा चेक पुढून येणारा उलटा दाब आत सोडतोय. दोन मिनिटांचं काम आहे. ते न करता थेट दुरुस्तीचं किट मागवणाऱ्यांची संख्या बघून वाईट वाटतं.

पहिला चेक बिघडतो तो क्वचितच झिजून. रबराची चकती बाहेर काढून उजेडात तिरकी धरली, तर सीटनं उमटवलेली गोल खूण दिसते. ती सगळीकडे सारखी असेल, तर रबर अजून जिवंत आहे. त्या गोलावर एखाद्या ठिकाणी सुईच्या टोकाएवढा काळा खड्डा असेल, तर तिथे वाळूचा कण, गंजाचा पापुद्रा किंवा डाखाचा थेंब दबून बसला होता. नखाचं टोक सीटच्या कडेवरून फिरवलं की ओरखडा असेल तिथे नख अडतं. डोळ्याला न दिसणारा ओरखडाही नखाला कळतो. कण आला कुठून, हा खरा प्रश्न. रस्त्यावरची मेन फुटून दुरुस्त झाली असेल, हायड्रंट सोडून लाइन धुतली असेल, किंवा इमारतीत नवं काम करणाऱ्यानं टेफ्लॉनची टेप आट्यांच्या पुढे गुंडाळली असेल. टेपचा एक धागा पहिल्या चेकच्या सीटवर आडवा पडला की गेजवरचा आकडा खाली सरकतो, आणि त्या धाग्याला नवं रबर हा उपाय नाही. चेक बाहेर असतानाच मागचा शटऑफ थोडा सोडून व्हॉल्व्हच्या अंगातून पाणी मोकळं वाहू द्यावं लागतं, गढूळपणा जाईपर्यंत. ही पायरी गाळणारा माणूस नवी चकती बसवून त्याच कचऱ्याला नवी गादी देतो. आणखी एक खोड म्हणजे हाताला सापडेल ते ग्रीस चोळणं. पेट्रोलियमचं ग्रीस ईपीडीएम रबराला फुगवतं. पिण्याच्या पाण्याला चालणारं सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल न लागेल इतकंच, पुरतं.

किटवाल्यांची बाजू अगदीच पोकळ नाही, हे मान्य करायला हवं. मजुरी महाग आणि रबर त्यामानाने स्वस्त; झाकण उघडलंच आहे तर सगळंच बदला, म्हणजे वर्षभर पुन्हा यायला नको, असा त्यांचा हिशोब असतो. क्लोरामाइन घातलेल्या पाण्यात काही रबरं चिकट होऊन झडू लागतात, तिथे हा हिशोब बरोबरही ठरतो. माझा आक्षेप क्रमाला आहे. तपासणीच्या फॉर्मवर दुरुस्तीपूर्वीच्या आकड्यांची जागा असते आणि दुरुस्तीनंतरच्या आकड्यांची वेगळी. नंतरचे आकडे सगळ्यांचे देखणे असतात. आधीच्या जागेत पुष्कळदा नुसतं नापास लिहिलेलं असतं. पहिला चेक 3.2 वर होता की 0.4 वर, रिलीफ 1.6 ला उघडला की उघडलाच नाही, यात जमीनअस्मानाचं अंतर आहे. 1.6 चा अर्थ बहुधा दांड्यावर साचलेली खपली किंवा दमलेली स्प्रिंग. मुळीच उघडला नाही, तर लाइनचा दाब डायफ्रॅमकडे नेणारी किंवा मधल्या कप्प्यातली वाट बुजली आहे का ते बघा, नाहीतर डायफ्रॅम चिकटला आहे. किट बदलल्यावर हा पुरावा कचऱ्याच्या बादलीत जातो आणि पुढच्या वर्षी तोच व्हॉल्व्ह तसाच नापास होतो. मग माल हल्ली हलका येतो म्हणून कारखान्याला शिव्या. प्लॅस्टिकच्या सीटबद्दल माझंही मत फार बरं नाही, पितळी सीटवर हात फिरवण्याची सवय जात नाही. पण कारखान्याच्या नावावर खपवलेले पुष्कळ दोष साफ न केलेल्या पाइपाचे असतात.

व्हॉल्व्ह न उघडता दोष सांगता आला, आणि मग उघडल्यावर तो तिथेच सापडला, की जे सुख होतं त्यात शुद्ध मिरवणं असतं. समोर शिकाऊ पोरगं उभं असेल तर जास्तच. ते लपवण्यात अर्थ नाही. पण याच हौसेमुळे जो प्रश्न मला सोडत नाही तो नापास व्हॉल्व्हचा नाहीच. तो खोट्या पास झालेल्याचा आहे. पुढचा शटऑफ जुना गेट व्हॉल्व्ह असेल आणि तो पुरता बंद होत नसेल, तर इमारतीत कुठेतरी चाललेला नळ त्यातून पाणी ओढत राहतो. अंगातून बारीक प्रवाह चालू राहतो, मधला दाब खाली राहतो, आणि चिरलेला पहिला चेकही गेजवर तंदुरुस्त दिसतो. आकडा खरा, अर्थ खोटा. इथे आक्षेप येतो की इतक्या बारीक गळतीनं काय बिघडतं, वाहत्या पाण्यात ठीक चालतंय ना? बिघडतं ते पाणी थांबल्यावर, आणि उलटा प्रवाह यायचा तो नेमका अशाच वेळी. म्हणून काटा स्थिर झाला की लगेच आकडा लिहू नये, आधी पुढचा शटऑफ खरंच धरतोय का ते पाहावं. तो धरत नसेल, तर व्हॉल्व्ह पासही नाही आणि नापासही नाही. आधी शटऑफ दुरुस्त. हे गिऱ्हाइकाला पटवणं रिलीफ बदलण्यापेक्षा अवघड आहे, कारण शटऑफ बदलायला अख्ख्या इमारतीचं पाणी बंद करावं लागतं. स्वस्तात तपासणी करून देणाऱ्यांच्या दरात ही तसदी बसत नाही.

एवढी कचकच कशासाठी, असं विचारणाऱ्याला शिकागोचं 1933 साल सांगावं लागतं. जागतिक प्रदर्शनासाठी लोक लोटले होते, आणि दोन हॉटेलांच्या सदोष नळकामामुळे मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं. अमीबाच्या हगवणीनं 98 माणसं गेली. 1969 मध्ये वूस्टरच्या होली क्रॉस कॉलेजचा फुटबॉल संघ काविळीनं आडवा झाला. जवळपास लागलेली आग विझवताना लाइनचा दाब पडला होता, आणि मैदानातल्या खड्ड्यांमधल्या तोट्यांतून घाण पाणी आत ओढलं गेलं. उरलेला हंगाम रद्द झाला. मुंबई-पुण्याकडचा माणूस यावर हसेल, कारण तिथे पाणी ठरल्या वेळेला येतं आणि बाकी वेळ मेनच रिकामी असते. रिकाम्या मेनला भेगांतून जे ओढलं जातं ते घराच्या दारातला कुठलाही आरपीझेड अडवू शकत नाही. पण तिथल्या तळटाकीत पाण्याच्या पातळीच्या वर सुटलेली तोटी ही उलट्या प्रवाहावरची सगळ्यात जुनी आणि भरवशाची तोड आहे. ना रबर, ना स्प्रिंग. मधल्या हवेला नापास कोण करणार? तीच तोटी बादलीत बुडालेल्या नळीला जोडली, की सगळं मुसळ केरात.

आता राहिला तो रिलीफ, जो तपासणीच्या वेळी ठणठणीत असतो आणि एरवी थुंकतो. आकडे सगळे बरोबर, पहिला चेक 7 वर, उघडणं 2.8 ला, आणि खालच्या फरशीवर मात्र ओल. इथे बहुधा दोष व्हॉल्व्हमध्ये नसतो. लाइनचा दाब एकदम पडतो, शेजारच्या मोठ्या पंपानं ओढल्यामुळे किंवा आणखी कशानं. मधल्या कप्प्यातला दाब मात्र अडकून तसाच राहतो, आणि फरक नाहीसा झाला असं समजून रिलीफ थोडं पाणी टाकून देतो. आरपीझेडच्या मागे मऊ सीटचा एक चेक बसवला तर हे बहुधा थांबतं. पण त्या आधी दाब केव्हा पडतो ते पकडायला हवं, आणि त्यासाठी मागच्या बाजूला नोंद ठेवणारं गेज काही दिवस लावून ठेवणं हाच मार्ग. फॉर्मवर यासाठी रकाना नाही. मी शेऱ्यांच्या ओळीत लिहितो: व्हॉल्व्ह पास, लाइन तपासा. ऑफिसातून पुष्कळदा फोन येतो की हे दोन्ही एकदम कसं, आणि मग डायफ्रॅमच्या दोन अंगांपासून सगळं पुन्हा सांगावं लागतं.