चालीची ओळ

• संगीत नाटकातले गायक-नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्गने कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं ते नोव्हेंबर १९०२ मध्ये. ज्या गळ्यासाठी महाराष्ट्राने रात्री जागवल्या, तो गळा आपल्याला कधीच ऐकू येणार नाही. एकोणिसाव्या शतकाचं संगीत अभ्यासायचं म्हणजे आवाजाशिवाय आवाजाचा शोध घ्यायचा.

• तरी वाट आहे. जुन्या संगीत नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एक ओळ छापलेली असते: अमक्या पदाप्रमाणे, तमक्या लावणीप्रमाणे. वाचक तिच्यावरून नजर पुढे नेतो. संशोधकाने तिथेच थांबावं. प्रेक्षकांच्या कानात आधीपासून काय होतं, ते ही ओळ सांगते. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर कानडी मुलखातल्या गुर्लहोसूरचे; त्यांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) मध्ये कानडी चाली आल्या, त्या सीमेपलीकडून नव्हे, घरातूनच. साकी आणि दिंडी हे छंद तर नारदीय कीर्तनकार आजही गातात. म्हणजे छापील ओळ आणि जिवंत गळा शेजारी ठेवून पाहता येतात.

• जिवंत गळ्याची दुसरी वाट मुंबईतच सापडते. नवी मुंबईतल्या आमच्या जुईनगरहून हार्बरची गाडी थेट सँडहर्स्ट रोडला नेते. तिथून भेंडी बाजार चालत. बिजनौरकडचे छज्जू खाँ, नझीर खाँ, खादिम हुसेन खाँ हे गवई भाऊ १८७० च्या सुमारास मुंबईत, याच वस्तीत आले. गोव्याच्या गायिका अंजनीबाई मालपेकर (जन्म १८८३) नझीर खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर अंजनीबाईंकडे शिकले. ही साखळी तालमीची आहे, दप्तराची नाही.

• दप्तर वेगळ्यांकडे होतं. मुंबईत कैखुश्रू काबराजींची गायन उत्तेजक मंडळी (१८७०), पुण्यात बळवंत त्र्यंबक सहस्रबुद्ध्यांचा गायन समाज (१८७४). नियम, वर्गणी, अहवाल छापले गेले म्हणून त्यांचा इतिहास लिहिणं सोपं. संगीतशास्त्रज्ञ भातखंडे १८८४ मध्ये याच मुंबईच्या मंडळीत आले. अशोक दा. रानडे, अनीश प्रधान, जानकी बखले या अभ्यासकांनी या काळावर मोलाचं काम केलं आहे. पण उस्तादांनी, कलावंतिणींनी जे शिकवलं ते छापील अहवालांतून फार थोडं कळतं. कागद असलेल्यांनाच इतिहासाचे मालक ठरवलं, तर शिकवणाऱ्यांवर अन्याय होतो.

• शिकवणं कागदावर आणायचे प्रयत्नही झाले. गायक मौलाबक्षांनी बडोद्यात १८८६ मध्ये गायनशाळा काढली, स्वरलिपीची पुस्तकं केली. स्वरलिपी बंदिशीची वाट दाखवते. मींड कुठे रेंगाळली, श्वास कुठे घेतला, ते गुरूसमोर बसूनच कळतं. दोन्ही पुरावे लागतात.

• जुईनगरात गिरगाव-दादरच्या चाळींतून आलेली कुटुंबं आहेत. घर बदलताना जुनी नाट्यपुस्तकं रद्दीत जातात. विनंती एवढीच: देण्याआधी पानं उलटून पाहा. पदाशेजारी कुणी पेन्सिलीने राग किंवा ताल लिहिला असेल, तर त्या पानाचा फोटो काढा, आणि घरातल्या आजीला ते पद म्हणायला सांगून आवाज नोंदवून ठेवा.