मत्स्योदरीच्या गावी

वाचकहो, काशीस जाऊन मनुष्य काय करतो? गंगास्नान करतो, विश्वेश्वराचे दर्शन घेतो, पितरांच्या नावे तर्पण करतो आणि जमल्यास एखादी रेशमी साडी घेऊन घरी परततो. अशा क्षेत्री जाऊन मी फाल्गुनातला एक अख्खा दिवस गावतळ्याच्या काठी गळ टाकून बसलो होतो, हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या भुवया वर जातील, हे मी जाणून आहे. परंतु मासा काशीला परका नव्हे. या नगरीच्या एका तीर्थाचे नावच मुळी मत्स्योदरी आहे.

ब्रह्मघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या नांदत आली आहेत. त्यांपैकी एका घरी मी उतरलो होतो. घरचे वडील गृहस्थ निवृत्त शिक्षक. सारी गल्ली त्यांना काका म्हणते, तेव्हा मीही काकाच म्हणू लागलो. ते कट्टर शाकाहारी. तथापि तरुणपणापासून त्यांना गळाचा नाद. सापडलेला मासा ते हलकेच सोडवून पाण्यात परत टाकतात. मी मालवणकडचा, म्हणजे माशांशी माझे नाते अगदी निराळे. आमचे दोघांचे जमले ते या एका काठीमुळे.

पहिल्या सायंकाळी काकांनी मला पायी मच्छोदरीला नेले. मत्स्योदरीचे हे लोकांच्या तोंडचे रूप. आज तेथे भोवती दाट वस्ती, मध्ये उद्यान आणि जुन्या सरोवराची आठवण म्हणावे एवढेच पाणी. पूर्वी येथे विस्तीर्ण तळे होते. पावसाळ्यात गंगेला मोठा पूर आला म्हणजे तिचे पाणी वरणेच्या मुखातून उलटे आत शिरे, सखल भागातून वाहत मत्स्योदरीला येऊन मिळे आणि ओंकारेश्वराची टेकडी पाण्याने वेढली जाई. गंगाच तीर्थाला भेटावयास आली, असे मानून लोक त्या योगावर स्नानाला लोटत. पुराबरोबर नदीतले मासेही आत येत असले पाहिजेत, हे सांगावयास पुराण नको. नदीकाठच्या कोणत्याही सखल तळ्यात ते येतातच.

ही भेट पुढे थांबली. जेम्स प्रिन्सेप हा इंग्रज १८२० साली काशीच्या टांकसाळीत अधिकारी म्हणून आला. ब्राह्मी लिपीचा उलगडा करून ज्याने पुढे सम्राट अशोकाचे लेख बोलके केले, तोच हा प्रिन्सेप. त्याने १८२२ साली शहराचा नकाशा तयार केला आणि शहरातली दलदल हटविण्यासाठी भुयारी नाला बांधून तळ्यांचे पाणी गंगेत सोडून दिले. मैदागिनचे तळेही त्याच सुमारास आटविले गेले. त्याचा हेतू लोकांच्या आरोग्याचा होता आणि तो वाईट म्हणवत नाही. काका मात्र त्या उद्यानाच्या कठड्यापाशी उभे राहून एवढेच म्हणाले, "नाव राहिलं, उदर गेलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही सारनाथच्या पलीकडच्या एका खेड्यात गेलो. तिकडे तळ्याला पोखरा म्हणतात. ग्रामसभा असे पोखरे मासेमारीसाठी पट्ट्याने देते. तेव्हा आधी पट्टेदाराची परवानगी घ्यावी, ठरलेले पैसे द्यावे आणि मगच काठी बाहेर काढावी, हा काकांचा शिरस्ता. मोहरी पिकून पिवळी पडली होती, आंब्याला मोहोर होता, आणि पश्चिमेचा कोरडा वारा, ज्याला तिकडे पछुआ म्हणतात, नुकता वाहू लागला होता.

मी पहाटेच निघण्याची घाई करीत होतो. काकांनी मला चहा पाजून बसवून ठेवले. माशाच्या अंगाची ऊब पाण्याच्या उबेबरोबर कमीजास्त होते. पौष-माघात उत्तरेकडची थंडी कडाक्याची. त्या दिवसांत रोहू, मृगळ तळाशी सुस्त पडून असतात व फारसे खात नाहीत. फाल्गुनात पाणी तापू लागले की त्यांची भूक जागी होते. पण ती जागी होते सूर्याबरोबर. म्हणून या ऋतूत दहा वाजल्यापासून दुपार कलेपर्यंतचा वेळ सोन्याचा. जागाही अशीच पाहून घ्यावी. सूर्य अजून दक्षिणेकडे झुकलेला, म्हणून उत्तरेच्या काठाला ऊन अधिक; आणि पश्चिमेचा वारा वरचे कोमट पाणी पूर्वेकडे लोटतो. तेव्हा ईशान्येचा उथळ कोपरा धरून आम्ही बसलो.

काठीला तिकडे बंसी म्हणतात. कृष्णाच्या मुरलीचे आणि या जीवघेण्या काठीचे नाव एकच असावे, याची काकांना मोठी गंमत वाटते. दोऱ्याला मोरपिसाचा देठ बांधलेला. तो पाण्यावर उभा तरंगतो आणि खाली काय चालले आहे ते सांगतो. देठ थरथरला, नाचला, पण बुडाला नाही, तर पोठिया नावाचे बोटभर मासे चारा कुरतडीत आहेत असे समजावे. देठ सावकाश तिरका होऊन चालू लागला, तर तो रोहू. आणि काठच्या गवतात पाणी एकदम फुटल्यासारखे झाले, तर ती मरळ. मरळीला हवेतला श्वास घ्यावा लागतो, म्हणून ती अधूनमधून वर येते व बुडबुडे सोडून जाते. त्या खुणेवरून तिचा ठाव लागतो. पावसाळ्यात तिची तांबूस पिल्ले थव्याने पाण्यावर तरंगतात आणि नर-मादी त्यांची राखण करतात. त्या वेळी तिच्यावर गळ टाकणे काका पाप मानतात, आणि मला वाटते, पाप न मानणाऱ्यानेही ते करू नये.

हे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने १२ व्या शतकाच्या पूर्वार्धात रचिलेल्या मानसोल्लास या ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचा चारा आणि दोरी-गळाने मासा धरण्याची रीत हे सारे त्यात आहे. राजाच्या करमणुकीत त्याला मान होता. आज तो वेळ दवडण्याचा धंदा समजला जातो, एवढाच काय तो फरक.

आमचा चारा म्हणजे कणकेच्या गोळ्या. त्या वळताना काकांचा हात क्षणभर थांबला. "एकादशीला घाटावर बसून हीच कणीक मी माशांना घालतो," ते म्हणाले. "गोळी तीच. मासाही कदाचित तोच. आत काटा आहे की नाही, एवढंच त्याला कळत नाही." यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. तेवढ्यात माझा देठ तिरका झाला.

मासा दीड किलोचा रोहू निघाला. काका काही बोलले नाहीत. पट्टेदाराने तो तोलला, मी पैसे दिले, आणि त्याच्या तरुण मुलाने काठावरच तो साफ करावयास घेतला. पोट चिरल्यावर त्याने बोटाने एक बारीक पिवळसर पट्टी उचलून दाखविली. ती मादी होती. गाभोळी नुकती कोठे धरू लागली होती.

"आषाढापर्यंत ती भरली असती," मुलगा म्हणाला. "पण उपयोग काय, बाबूजी? पोखऱ्यात ती अंडी घालत नाही."

वाचकहो, ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. त्या पट्टीकडे पाहताना ती प्रथमच समजली. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे नदीचे मासे. पुराचे वाहते पाणी अंगावरून गेल्यावाचून ते अंडी घालीत नाहीत. बांधलेल्या पाण्यात वसंत आला की मादीच्या पोटी गाभोळी धरते, पावसाळ्यापर्यंत भरते, आणि पूर न आल्यामुळे पुढे पोटातल्या पोटात जिरून जाते. दर वर्षी हेच. मरळ, शिंगी, मांगूर हे तळ्याचे घरचे मासे. त्यांचा संसार तेथेच चालतो. रोहू मात्र तळ्यात जन्मभर पाहुणा.

एकेकाळी तळ्यांत सोडण्यासाठी मत्स्यजिरे नदीतूनच गाळून आणावे लागत. १० जुलै १९५७ रोजी अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मस्तकातील ग्रंथीचा अर्क टोचून या जातींना बांधल्या पाण्यात अंडी घालावयास लाविले, आणि देशभरच्या मत्स्यशेतीचा मार्ग मोकळा झाला. १० जुलै हा दिवस आजही मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. या पोखऱ्यातली बोटुकलीही अशाच एका केंद्रातून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून आली होती. लाखो घरांच्या ताटात मासा आला तो या टोचणीमुळे. तथापि नदीचे काम सुईने केले, म्हणून नदीची गरज संपली असे नव्हे. समुद्रातून निघालेला हिलसा पूर्वी काशी ओलांडून प्रयागच्याही वर चढत असे. १९७५ साली फराक्काचा बंधारा चालू झाल्यावर त्याची ती वाट जवळजवळ बंद झाली. त्याच्यासाठी सुई नाही.

दुपारनंतर काकांना तीन मासे लागले. तिन्ही त्यांनी ओल्या हातांनी सोडविले. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो व तो पुढे टिकत नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितले. मी काठी पुन्हा टाकली नाही. माझा रोहू पट्टेदाराच्या घरी मोहरीच्या वाटणात शिजला, आणि मी तो जेवलो. चवीला उत्तम होता, हेही सांगून टाकतो. काकांनी शेजारी बसून दही-चुडा घेतला.

परत येताना त्यांनी रिक्षा मच्छोदरीपाशी थांबविली. डब्यात चार-सहा गोळ्या उरल्या होत्या. दिवे लागले होते आणि उद्यानात मुले खेळत होती. काका पाण्यापाशी खाली वाकले, प्रत्येक गोळी फोडून आत काही राहिले नाही ना हे बोटांनी चाचपून पाहिले, आणि मग एकेक करून त्यांनी त्या पाण्यात टाकल्या.