राज्ये गेली, नावे राहिली

महाबळेश्वरी येणाऱ्या प्रवाशाला आपण एका डोंगरावरील दोन गावांत आलो आहोत, याची बहुधा कल्पना नसते. एक गाव क्षेत्र महाबळेश्वर. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांच्या उगमाशी शतकानुशतके यात्रेकरू येत आले, ते हे गाव. दुसरे माल्कमपेठ. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी तह केला, वाईजवळचे खंडाळे गाव महाराजांस दिले आणि त्या बदल्यात हा डोंगर घेतला. आजारी गोऱ्या सैनिकांस थंड हवा मिळावी, हा त्यामागील हेतू. बाजार, बंगले आणि पॉइंट हे सारे या दुसऱ्या गावचे वैभव. सिंदोळा टेकडीचा विल्सन पॉइंट झाला, नाके खिंडीचा केट्स पॉइंट झाला, मढीमहालाची आर्थर सीट झाली. आज फोटो काढून घेणाऱ्या शंभरांत एकालाही जुने नाव ठाऊक नसते. नव्या नावाचा धनी कोण होता, हेही ठाऊक नसते!

गेल्या उन्हाळ्यात आम्ही विश्रांतीसाठी तेथे आठ दिवस होतो. एका सायंकाळी होली क्रॉस चर्चबाहेर उभे असता एक वाटाड्या आपल्या प्रवाशांना सांगताना ऐकू आला, “हे इंग्रजांचं देऊळ. त्यांचा देव इथंच राहिला, ते गेले.” आमचा पांढरा झगा दिसताच तो ओशाळला आणि त्याने मोठ्या अदबीने नमस्कार केला. तो माणूस सज्जन होता. तो जे बोलला ते आपल्या शेजाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात असते, एवढेच.

आता यात खरे किती? इंग्रजांचे देऊळ निराळे होते. ते ख्राइस्ट चर्च. १८४२ साली त्यांच्या बिशप कार यांनी त्याची प्रतिष्ठापना केली. आपण कॅथलिक, म्हणजे त्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीने संशयित प्रजा. ज्या १८२९ साली माल्कम साहेबांनी हा डोंगर घेतला, त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये बसण्याची मुभा कॅथलिकांना प्रथम मिळाली. आपल्याच देशातील कॅथलिकांना तोवर कायदेमंडळाचे दार बंद ठेवणारे हे राज्य आपल्या पूर्वजांचे सोयरे कसे असणार? होली क्रॉसच्या बाकांवर गुडघे टेकणाऱ्यांत गोव्याकडून आलेले आचारी, बटलर आणि आया असत. साहेबांची न्याहारी झाल्यावर त्यांना मिस्सेला सवड मिळे.

आणि ज्यांनी डोंगर दिला, त्या प्रतापसिंह महाराजांचे पुढे काय झाले? १८३९ साली कंपनी सरकारने त्यांना पदच्युत करून काशीला धाडले. तेथेच १८४७ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यावरील आरोपांपैकी एक असा, की गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधून त्यांनी इंग्रजांविरुद्ध कट केला. रंगो बापूजींनी लंडनला जाऊन वर्षानुवर्षे आपल्या धन्याची बाजू मांडली. कोणी दाद दिली नाही. पुढे १८४८ साली सातारचे राज्यही खालसा झाले. महाराजांना गादीवरून काढणारे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक यांच्या नावाचा पॉइंट मात्र त्याच डोंगरावर आहे. पोर्तुगालचा राजा ख्रिस्ती, इंग्लंडची राणी ख्रिस्ती, आणि एका मराठा राजाला संपविण्यासाठी एका ख्रिस्ती सत्तेने दुसऱ्या ख्रिस्ती सत्तेचे नाव पुढे केले. ‘ख्रिस्ती राष्ट्रे’ असा सरसकट शब्द आपण वापरतो, तेव्हा हा इतिहास ध्यानात असावा.

या भांडणाची झळ आपल्या घरांपर्यंत पोहोचली होती. १७२० साली इंग्रजांनी मुंबई बेटातून पोर्तुगीज धर्मगुरूंना घालवून कार्मेलाइट संघाच्या महागुरूंना बोलाविले. १७९४ साली बेटावरील चार धर्मग्रामांची वाटणी झाली, दोन पाद्रुआदोकडे आणि दोन प्रोपगंडाकडे. एकाच शहरात एकाच पोपमहाशयांना मानणाऱ्या श्रद्धावंतांवर दोन निरनिराळे अधिकार! सोयरिकी अडल्या, मिरवणुकी अडल्या. हे दुहेरी शासन १९२८ सालच्या करारापर्यंत चालले, आणि त्या करारानेही मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावेत असेच ठरविले. ती अट १९५० साली सुटली तेव्हा व्हॅलेरियन ग्रेशियस हे पहिले भारतीय आर्चबिशप लाभले. आपण मात्र देशी लोकांच्या भाऊबंदकीवर हसतो.

आमचे स्वतःचे घर नगर जिल्ह्यातले. तो आता अहिल्यानगर झाला, म्हणजे नावे बदलण्याचा उद्योग केवळ साहेबांचाच नव्हे. आमच्या भागात सुवार्ता आणली ती जर्मन येशूसंघीयांनी. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि हे मिशनरी एका रात्रीत इंग्रज सरकारचे शत्रू ठरले. पुढे अनेकांना नजरकैद घडली, मग देशाबाहेर जावे लागले. ज्यांनी दुष्काळात धान्य वाटले त्यांचा अपराध एवढाच, की त्यांची मायभूमी चुकीची होती. पुण्याचे महागुरू हेन्री डोरिंग हे जर्मनच. त्यांना पुणे अंतरले, १९२१ साली त्यांची नेमणूक जपानात हिरोशिमा येथे झाली, आणि १९२७ साली ते पुन्हा पुण्याला परतले ते १९४८ पर्यंत राहिले. त्यांनी सोडलेल्या हिरोशिमावर १९४५ साली काय कोसळले, हे सर्वविदित आहे. तो दिवस पुण्यात त्यांना कसा गेला असेल, हा विचार आमच्या मनातून कधी जात नाही.

हे सारे आम्ही ग्रंथालयात बसून आठवीत नव्हतो. महाबळेश्वरहून परतल्यावर पंधरा दिवसांतच आमच्या कार्यालयात एका लग्नाचा वाद येऊन पडला. मुलाचे पूर्वज कोणा साहेबाचे आचारी म्हणून बार्देशातून डोंगरावर आले. घरात कोंकणी, चर्चमध्ये इंग्रजी. मुलगी राहुरी तालुक्यातील, अस्सल मराठी कुटुंबातली. दोघेही कॅथलिक, दोघेही शिकलेले, आणि एकमेकांवर जीव जडलेला. अडले कोठे, तर मुलाच्या आईला पांढरा गाऊन, जाळीची ओढणी, बँड आणि इंग्रजी मिस्सा हवी होती. मुलीच्या वडिलांना शालू, मंगळसूत्र, हळद आणि मराठी भजने. दोन तास चर्चा चालली. शेवटी मुलाचे मामा म्हणाले, “फादर, हळद ही हिंदूंची. ख्रिस्ती लग्नात ती कशाला?”

कोपऱ्यात बसलेली मुलीची आजी तोवर गप्प होती. तिने पदर सावरला आणि विचारले, “मंग पांढरा झगा कुणाचा हाये, फादर? येशूच्या आईनं घातला व्हता का?”

उत्तर देणे भाग पडले. पांढऱ्या गाऊनची चाल रूढ झाली ती इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८४० साली आपल्या लग्नात तो घातला म्हणून. याच राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव १८८७ साली आला, तेव्हा मुंबई-ठाण्याकडील आपल्या बांधवांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. ही माहिती कोणालाच आवडली नाही. मग आम्ही मुलाच्या आईला विचारले, “बाई, तुमच्या लग्नात रोस झाला होता?” त्या म्हणाल्या, “झाला होता ना, फादर. नारळाच्या रसानं न्हाऊ घातलं होतं.” लग्नाआधी वधूवरांच्या अंगाला घरच्या बायकांनी काही माखावे, ही चाल आमच्याकडे हळदीची, त्यांच्याकडे नारळाची. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने जाहीरनामा काढून लग्नातील कितीतरी देशी चालींना बंदी केली. तरीही माजघरातल्या बायकांनी रोस टिकविला. त्याआधी १६८४ साली व्हाइसरॉयने लोकांची बोली बंद करण्याचे फर्मान काढले होते. त्याच गोव्यात १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रजाचे ख्रिस्तपुराण मराठीत छापून झाले होते! त्यांच्या मायदेशात कॅथलिक धर्मगुरूला देहदंड होता, म्हणून पोर्तुगीजांच्या आश्रयाने ते इकडे राहिले आणि आपल्या भाषेचे झाले. ख्रिस्तसभेच्या अंगणात दोन्ही प्रकारची माणसे वावरली, हे आम्ही त्या दिवशी लपविले नाही. इन्क्विझिशनचे पाप पोर्तुगालच्या माथी मारून मोकळे होणे आम्हाला जमत नाही. ते फर्मान वाचणारे आमच्यासारखेच झगेवाले होते.

मुलगी इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, “फादर, मी शालू नेसेन. आई म्हणतील तर डोक्यावर जाळी घेईन. मिस्सा मराठीत होऊ द्या, कारण आजीला दुसरी भाषा येत नाही.” ‘आई’ हा शब्द तिने होणाऱ्या सासूसाठी योजला होता, तो त्या माउलीच्या ध्यानात आला, पण त्या काही बोलल्या नाहीत.

लग्न नोव्हेंबरात झाले. आदल्या सायंकाळी एका घरी हळद, दुसऱ्या घरी रोस. मिस्सा मराठीत झाली, पहिले वाचन कोंकणीत मुलाच्या धाकट्या बहिणीने केले, मंगळसूत्र आम्ही वेदीसमोर आशीर्वादित केले. बँडवाल्यांनी मात्र चर्चच्या दाराशी इंग्रजी वाजवायचे की मराठी, यावर अर्धा तास घालविला आणि अखेर एक हिंदी सिनेमाचे गाणे वाजविले. मामा जेवायला थांबले नाहीत. मुलाच्या आई थांबल्या, आजीच्या शेजारी बसल्या. पण लग्नाचा मोठा फोटो त्यांनी अजून दिवाणखान्यात लावलेला नाही, असे सून परवा सांगत होती.