घटावरचा तरवड

नवरात्रात योगेश्वरीच्या दर्शनाला अंबाजोगाईला निघालात, तर बीड सोडल्यावर मांजरसुंब्याच्या घाटात खिडकीशी बसा. मुरमाड उतारावर पिवळाधमक तरवड फुललेला दिसेल. घटाला आपण माळ घालतो ना, तोच हा!

गाडी थांबलीच तर जवळून बघा. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखं हिरवं उपपर्ण असतं. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘ऑरिक्युलाटा’ म्हणजे कानवाला. फुलात मध नाही, नुसता पराग, तोही बारीक भोकाच्या कुपीत कोंडलेला. भुंगा बिलगून गुणगुणतो आणि त्या थरथरीनं चाळणीतून पीठ पडावं तसा तो झडतो. शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून माळावर टिकतो. माणसानं मात्र कातडी कमावायला त्याची साल सोलली, अन् आता बांध सपाट करताना यंत्रानं मुळासकट उपटतो.

तेव्हा बायांनो, माळेसाठी सगळा तुरा ओरबाडू नका; फुलांतूनच चपट्या, कागदासारख्या शेंगा धरतात. थंडीत परत जाणं झालं तर चार वाळक्या शेंगा पदरात बांधून आणा. बी टणक असतं, दगडावर जरासं घासून रात्रभर भिजवा आणि अंगणात भर उन्हाच्या जागी पेरा. पाणी बेतानंच.